प्लग फेल गेला म्हणे!

आधीच सांगून ठेवते, माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादकबाई म्हणाल्या, "मावशी, काहीतरी छान आठवणीतलं लिहा. लेथवर काम करणारी बाई म्हणजे केवढं इन्स्पायरिंग!" म्हटलं, छान पाहिजे असेल तर दुसऱ्या कोणाला तरी सांगा. माझ्याकडे सध्या संताप आहे, तो चालत असेल तर लिहिते. त्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

मी टर्नर, लेथच्या यंत्रावर धातूचे भाग घडवणारी. आयटीआयमध्ये शिकले, ठाण्याला एका कंपनीत लेथवर उभी राहिले आणि ती कंपनी बंद पडल्यावर डोंबिवलीच्या एमआयडीसीत छोटा गाळा घेऊन स्वतःची लेथ टाकली. राहायला ठाकुर्लीला. गाळ्याचं शटर अजूनही मीच उघडते. नवं गिऱ्हाईक आलं की आत डोकावून पहिला प्रश्न ठरलेला, "साहेब नाहीत का?" माझे साहेब बँकेत होते. "साहेब बँकेत आहेत, पासबुक भरून घ्यायचं असेल तर तिकडे जा," असं सांगून मी किती जणांना गार केलं असेल! आता ते रिटायर होऊन घरी कुकर लावतात, त्यामुळे ते उत्तर बंद करावं लागलं.

जुन्या यंत्रांचे सुटे भाग बनवणं हा माझा धंदा. त्यातही अलीकडे वाफेवर चालणारी यंत्रं बरीच येतात. पूर्वी ही यंत्रं भंगारात जायची, आता फार्महाऊसच्या लॉनवर जातात. कुठे हॉटेलच्या दारात, कुठे शाळेच्या पटांगणात. ज्याच्याकडे पैसा झाला त्याला एक चाक फिरताना बघायचं असतं. माझी तक्रार नाही. फिरतंय तेवढं बरं.

बाहेरच्यांना वाटतं, त्यात काय, मोडका भाग बघायचा आणि तसाच नवा करायचा. नेमकी इथेच माती खातात लोक. या यंत्रांचे नकाशे कोणाकडे नसतात, बनवणारी कंपनी केव्हाच गेलेली असते. हातात येतो तो झिजलेला तुकडा. तो मोजून त्याच्यासारखाच दुसरा केला, तर झीजसुद्धा नव्याने करून दिली असं होतं. एकाने इंजिनाची एक पिन माझ्याकडे आणली, दुसऱ्या कोणी तरी 'नमुन्याबरहुकूम' करून दिलेली. चकाचक होती, आणि एका बाजूला अंड्यासारखी चपटी. म्हणजे त्या भल्या माणसाने अनेक वर्षांचं झिजणं नव्या पोलादात हुबेहूब कोरलं होतं! मोजायचं असतं ते जिथे झीज पोचत नाही तिथे, कॉलरच्या आत, चावीच्या खाचेत. तिथे यंत्राचं मूळ माप लपून बसलेलं असतं. ते सापडलं की मग लेथ सुरू करायची. आटे सगळे जुने, इंची. हल्लीचे मिलिमीटरचे बोल्ट त्यात जातच नाहीत. आणि जात नाहीत म्हटल्यावर आपले लोक काय करतात? हातोडी मारतात.

पेंटर ही आणखी वेगळी जमात. बेअरिंगला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या पितळी बुशला, तेल द्यायला बारीक भोकं असतात. पेंटर येतो, त्याला ती भोकं म्हणजे खड्डे वाटतात, त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो, घासतो आणि वर हिरवा रंग मारतो. मग इंजिन दोन फेरे फिरतं, किंकाळी फोडतं आणि जाम होतं. मग फोन मला, "मॅडम, तुमचा बुश खराब निघाला."

गमतीची गिऱ्हाइकंही असतात, नाही असं नाही. नौपाड्यातल्या एका गृहस्थांनी एका बंद कारखान्याचा भोंगा विकत घेतला होता. तो त्यांना दाराची बेल म्हणून लावायचा होता. "सायकलच्या पंपावर वाजेल का हो?" मी म्हटलं, वाजेल, पण पाहुणा पंप मारून मारून आल्या पावली परत जाईल. शेवटी मी त्याची घासलेली तबकडी नवी करून दिली आणि त्यांनी गच्चीत कॉम्प्रेसर बसवला. एका सकाळी वाजवला. समोरच्या बिल्डिंगमधले एक आजोबा झोपेतून उठून थेट स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला म्हणाले, "डबा झाला का? उशीर झाला मला." सुनेनं येऊन भोंगेवाल्यांना असं काही सुनावलं की भोंगा त्याच दिवशी शोकेसमध्ये गेला. हे मी हसत सांगते नेहमी. पण त्या आजोबांचं मला वाईट वाटतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते सांगते.

ठाण्याला खाडीच्या बाजूला कापड रंगवायचा एक जुना कारखाना होता. बंद पडला, जमीन विकली गेली, टॉवर उभे राहिले. त्या टॉवरांना नाव काय दिलंय? कारखान्याच्या चिमणीचं! ती चिमणी पाडली कोणी? यांनीच. एखाद्याला घरातून हाकलायचं आणि मग त्याच्या नावाची पाटी दारावर लावायची, तसला प्रकार. तर जमीन साफ करताना पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटं वाफेचं इंजिन आणि त्याचा उभा बॉयलर सापडला. पूर्वी ते इंजिन पाणी खेचायचा पंप चालवायचं. बिल्डरने ठरवलं, क्लबहाऊसच्या उद्घाटनाला हे इंजिन खऱ्या वाफेवर चालवायचं.

हे काम माझ्याकडे घेऊन आला निखिल, बिल्डरचा तरुण इंजिनियर. चांगला मुलगा, हुशार, पण बिल्डरला सर म्हणतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सरांना विचारतो." मी इंजिन बघितलं आणि खरं सांगते, प्रेमात पडले. चाक एका बोटाने फिरत होतं. मी त्याच्या पिस्टनच्या रिंगा केल्या, बुश केले, वाफ आत-बाहेर सोडणारा सरकता व्हॉल्व्ह घासून सपाट केला. एक अट घातली. इंजिन माझं, पण बॉयलर सरकारी तपासणी झाल्याशिवाय पेटवायचा नाही. त्याचा पत्रा आतून किती खाल्लाय ते वरून दिसत नाही. "प्रोसेस चालू आहे मॅडम," निखिल म्हणाला.

तिथेच हिराजीदादा भेटले. जवळच्याच कोळीवाड्यातले. तरुणपणी याच कारखान्यात, याच बॉयलरवर त्यांनी काम केलं होतं. बॉयलर अटेंडंटचा परवाना काढला होता. बिल्डरच्या माणसांनी त्यांना शोधून काढलं होतं, उद्घाटनाला बॉयलर चालवायला. पहिल्या दिवशी ते आले, बॉयलरच्या पोटावर चापट मारली आणि म्हणाले, "काय रं, वळखलास का?" मग माझ्याकडे वळून, "बाय, ह्यो माजा बायलर हाय. बारीक हाय पन लय गुनाचा."

आता एक वस्तू समजावून सांगावी लागेल, त्याशिवाय माझा संताप कळणार नाही. बॉयलरमध्ये खाली भट्टी आणि तिच्या छपरावर पाणी. पाणी आहे तोवर छपराचा पत्रा सुरक्षित. पाणी खाली गेलं की पत्रा लाल होतो, मऊ पडतो आणि बॉयलर फुटतो. फुटतो म्हणजे कुकरच्या शिट्टीसारखं नाही, भिंती जातात. म्हणून त्या छपरात एक पितळी बूच बसवलेलं असतं, त्याच्या मधल्या भोकात शिसं भरलेलं. त्याला आम्ही लेड प्लग म्हणतो. पाणी कमी झालं की आधी ते शिसं वितळतं, भोकातून वाफ भट्टीत घुसते, आग दबते आणि सगळ्यांना कळतं, पळा! तो बिचारा स्वतः वितळून माणसं वाचवतो. जुना प्लग गेलेला होता. मी नवा केला, शिसं ओतलं, आटे बरोब्बर जुन्या मापाचे पाडले.

काही दिवसांनी निखिलचा फोन. "मॅडम, तुमचा प्लग फेल गेला."

"फेल गेला म्हणजे?"

तेव्हा हळूहळू बाहेर आलं. तपासणी झालेली नव्हतीच. सरांना व्हिडिओ काढायचा होता, म्हणून हिराजीदादांना न बोलावता साईटवरच्या पोरांनी लाकडं टाकून बॉयलर पेटवला होता. पाणी किती आहे ते काचेत बघायचं असतं, हे कोणाला माहीत नव्हतं. शिसं वितळलं, वाफ सुटली, राख उडाली, पोरं चपला टाकून पळाली. कोणाला काही झालं नाही.

"अरे, मग तो फेल कसा गेला?" मी फोनवर ओरडले. "पास झाला तो! शंभर टक्के मार्कांनी पास झाला! तुमची पोरं जिवंत आहेत ना?"

"हो मॅडम, पण सर म्हणतात, उद्घाटनाच्या दिवशी असं झालं तर... सर म्हणतात, तोच प्लग भरीव करून द्या. शिसं नको. म्हणजे लीक व्हायचा प्रश्नच नाही."

भरीव! म्हणजे घराला आग लागल्यावर कुत्रा भुंकला, तर कुत्र्याचं तोंड बांधा. मी म्हटलं, "निखिल, तुला कळतंय ना, तू काय मागतोयस?" त्याला कळत होतं. हेच मला जास्त लागलं. न कळणाऱ्यावर रागावता येतं, कळून मान खाली घालणाऱ्याचं काय करायचं? "सरांनी सांगितलंय मॅडम," एवढंच तो म्हणाला. मी सांगितलं, माझ्या लेथवर हे होणार नाही. शिशाचा हवा असेल तर फुकट देते, भरीव मागायला पुन्हा फोन करू नकोस.

मला वाटलं, विषय संपला. मूर्ख मी. या शहरात लेथ काय एकटी माझीच आहे?

उद्घाटनाच्या आठवड्यात हिराजीदादा स्वतः गाळ्यावर आले, पाण्याच्या काचेला लागणाऱ्या रबरी रिंगा घ्यायला. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "प्लगचं काय केलं शेवटी?"

"भरीव लावलाय," ते म्हणाले. "कुठनंशी करून आनला त्यानी."

"आणि तुम्ही लावू दिलात?"

"लावू काय दिला? मीच आवललाय. चांगला बसलाय."

मी कप टेबलावर आपटला. "दादा, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का, तो कशासाठी असतो?"

"तू मना शिकवतंस?" ते हसले. "पान्यावर नजर माजी हाय ना. इतकी वरसं काढली त्या बायलरवर, माज्या हातात कदी पानी खाली गेलं नाय. परवा त्या पोरांनी पेटवला, त्यांना अक्कल नाय. मी असताना प्लगचं काय काम?"

"आणि पत्रा? आतून किती उरलाय, बघितलंय कोणी?"

"जेवडा मी उरलोय, तेवडा त्यो बी उरलाय."

"समोर माणसं बसणार आहेत, दादा."

"बसनार तर. माजा नातू पन फुडच्या लायनीत हाय. शेठनी पास दिलाय."

मी कपाळावर हात मारला. तुमचाच नातू, तुमच्याच बॉयलरसमोर, आणि बूच भरीव! मी जे तोंडाला येईल ते बोलले. म्हातारचळ लागलाय म्हटलं, अक्कल खाडीत सोडली का म्हटलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "बाय, कंपनी बंद झाली तवा सकाली ड्युटीवर गेलो, तर गेटवरनंच परत धाडला. त्याच्या फुडं सगली वरसं मी वाचमनकी केली, या सोसायटीत, त्या सोसायटीत. माजा नातू शालेत सांगतो, माजा आजा वाचमन हाय. वाचमन वाईट नाय. पन मी त्यो नाय. मना एकदा दाखवाचाय त्याला, आजा काय व्हता. एकदाच. मंग त्यो बायलर भंगारात गेला तरी चालल."

मला माझी कंपनी आठवली, माझी पहिली लेथ किती किमतीला आणि कोणाला विकली गेली तेही मला माहीत नाही. रडूच आलं असतं, पण मी रडले की माझा आवाज आणखी चढतो. मी म्हटलं, "दादा, तपासणी करून घेऊ, पत्रा बदलू, मी स्वतः उभी राहते. दिवाळीनंतर पेटवा, होळीला पेटवा, काय बिघडतंय?"

"शेठ थांबल का होलीपरेंत? उद्घाटन झाल्यावर कोन पैसा घालतंय?"

ते खरं होतं. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

"मग ऐका," मी म्हटलं. "मी तक्रार करणार. तुम्हाला तोंडावर सांगते, मागून नाही."

त्यांनी रिंगा खिशात घातल्या. "करशील तर तुजं तोंड बगनार नाय." चहा तसाच ठेवून गेले.

बॉयलर तपासणीच्या सरकारी ऑफिसात मी भांडायच्या तयारीने गेलेले. रिक्षात बसून मनात सगळी भाषणं तयार केलेली. पण तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं, भरीव प्लग म्हटल्यावर पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "पत्ता सांगा." दुसऱ्या दिवशी माणूस जाऊन बॉयलर पेटवायला मनाई करून आला. माझी सगळी भाषणं वाया गेली. निखिलचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता शिव्या. तो हळू आवाजात म्हणाला, "थँक्यू मॅडम," आणि ठेवून दिला. 'भरीव नको' एवढंच आधी सरांना म्हणाला असतास तर, बाळा?

उद्घाटनाला मी गेले. बोलावलं होतं म्हणून नाही, माझं इंजिन होतं म्हणून. आणि काय बघितलं सांगू? इंजिन फिरत होतं, सुंदर फिरत होतं, पण पडद्यामागे कॉम्प्रेसर लावला होता. वाफेऐवजी हवा. लग्नात नवरीच्या एंट्रीला सोडतात तो पांढरा धूर बॉयलरच्या नळकांड्यातून सोडला होता. आणि भट्टीत, माझ्या देवा, भट्टीत लाल बल्ब! वर झिरमिळ्या कागदाच्या ज्वाळा, पंख्याने हलणाऱ्या. हिराजीदादांना खाकी कपडे आणि नवी कोरी टोपी घालून हातात फावडं देऊन उभं केलं होतं. ते त्या बल्बावर कोळसा टाकत होते. खोटा कोळसा, थर्माकोलचा, काळा रंगवलेला.

बिल्डर माइकवर वारसा, वारसा म्हणत होता. लोक मोबाइल वर धरून टाळ्या वाजवत होते. कोणाला फरक कळत नव्हता, आणि कळला असता तरी कोणाचं काय जात होतं? त्या बॉयलरची नीट तपासणी करून, पत्रा बदलून, खरी वाफ काढता आली असती. मी सुरुवातीलाच सांगितलेलं. नंतर पुन्हा निरोप पाठवला की अजूनही करून देते. "आहे तेच छान दिसतंय," असं उत्तर आलं. छान दिसतंय! या दोन शब्दांनी या ठाण्याची जेवढी वाट लावली तेवढी कोणी लावली नसेल.

हिराजीदादांनी मला गर्दीत बघितलं आणि तोंड फिरवलं. बोलल्याप्रमाणे वागले.

भाषण संपल्यावर पुढच्या रांगेतला एक मुलगा उठून बॉयलरपाशी गेला. त्याने आधी एक बोट लावून बघितलं, मग अख्खा तळवा टेकवला. "आजा," तो म्हणाला, "ह्यो तर थंड हाय."

हिराजीदादांनी फावडं खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता माझ्याकडे हात केला. "त्या बायला इचार."

तो आला. माझ्यासमोर उभा राहिला. मी म्हटलं, "बल्ब खोटा आहे, धूर खोटा आहे, कोळसा खोटा आहे. इथे एक तुझा आजा तेवढा खरा आहे. याच बॉयलरवर त्याने अख्ख्या कारखान्याला पाणी पुरवलंय." मी मोठ्याने बोलले. बिल्डरने मान वळवून बघितलं, बघू दे.

"मंग खरा का नाय पेटवला?"

"मी पेटवू दिला नाही. तो फुटला असता तर तुझा आजा राहिला नसता. तूही नाही."

त्याने बॉयलरकडे बघितलं, आजाकडे बघितलं. त्याला पटलं नव्हतं, ते दिसत होतं.

"मना खरा बगाचा व्हता," तो म्हणाला.

"मलापण रे," मी म्हटलं.